धीर देणारं पुस्तक

'धीर' या शब्दाखाली लाल रेघ मारली होती, तीही दोनदा. लवंगांच्या डबीखाली दडपून ठेवलेला तो चतकोर कागद कोकिळेनं तिसऱ्यांदा हातात घेतला आणि चुलीवरच्या दुधाकडे एक डोळा ठेवून पुन्हा वाचला. 'मुलींसाठी चित्रांचं पुस्तक आण. चांगलं. धीर देणारं. तूच निवड.' खाली सही नव्हती. पण अक्षर प्रभाकरचं होतं, सतरा वर्षं तहसील कचेरीत दुसऱ्यांचे अर्ज उतरवून घोटीव झालेलं. आता नवऱ्यानं बायकोला चिठ्ठी लिहावी म्हणजे... तासाभरापूर्वी तो इथंच, समोरच्या पाटावर बसून चहा प्यायला होता, दुसरा अर्धा कपही मागितला होता, भेंड्या जून झाल्यात असंही म्हणाला होता—मग एवढंच सांगायला काय जिभेला फोड आला होता? दूध उतू जायच्या बेतात आलं तसं तिनं पदरानं भांडं उतरवलं, आणि कागद परत डबीखाली सारला, जसा होता तसाच, लाल रेघेची कड बाहेर ठेवून.

लिहून ठेवतो तो माणूस काहीतरी तोंडानं सांगायचं टाळतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

अकरा वर्षांच्या संसारात प्रभाकरनं मुलींसाठी स्वतःहून काही आणलं असेल तर ते दोनदा. विमल सात वर्षांची असताना त्याला चार महिने नागपूरच्या कचेरीत कामाला पाठवलं, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी विमलला लाकडी बाहुली आली आणि मालूला शिट्टी. मग गेल्या वर्षी सासूबाई अकोल्याला धाकट्या दिरांकडे, वसंताकडे, कायमच्या राहायला गेल्या; त्याच्या आदल्या संध्याकाळी रंगीत खडूंची पेटी आली. एरवी जत्रा असो की दिवाळी, हा माणूस हात हलवत घरी येणारा. म्हणजे या घरात वस्तू येते ती कुणीतरी जायच्या आधी... हे तिच्या आज सकाळी लक्षात आलं, पीठ मळताना, आणि लक्षात आल्यावर तिनं पीठ इतकं मळलं, इतकं मळलं की पोळ्या चामड्यासारख्या झाल्या.

आणि जाण्याची हवा तर सगळीकडेच होती. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला, ऐन दिवाळीत, राज्य बदलणार होतं. नागपूर, अकोला, सगळा वऱ्हाड तिकडे मुंबईला जोडला जाणार आणि बऱ्हाणपूर इकडेच राहणार, राजधानी मात्र भोपाळ. कचेरीत म्हणे प्रत्येकाला एक कागद दिला होता—इथं राहणार की तिकडे जाणार, ते लेखी भरून द्यायचं. हे तिला प्रभाकरनं सांगितलं नव्हतं. शेजारच्या धुरपदाबाईंनी सांगितलं होतं, आणि त्यांना त्यांच्या भाच्यानं. तेव्हापासून पंधरा दिवस ती वाट पाहत होती, की आज बोलेल, उद्या बोलेल. त्यानं काय भरलं होतं? माळ्यावरची ट्रंक त्यानं आठवड्यापूर्वी खाली काढली. वाळवी लागली का बघतोय, म्हणाला. काळ्या कोटाची अस्तरं स्वतः उसवून स्वतःच शिवायला टाकली. वसंताचं पत्र आलं ते वाचून दाखवलं, पण मधलं एक पान त्यानं पटकन मागे सारलं... की ते कोरंच होतं? आपण नीट पाहिलं नाही. नीट पाहायला हवं होतं.

एकटा जाईल. मुलींची शाळा इथं, घर इथं, म्हणून आधी एकटा. मग महिन्याला एक पत्र. मग दोन महिन्यांनी एक. आणि मी इथं पोरींना पुस्तक वाचून दाखवायचं, धीर देणारं. ते निवडायचं काम तेवढं माझ्याकडे, म्हणजे उद्या म्हणायला मोकळे—तूच तर आणलंस.

विचारायला काय जात होतं? काही नाही. पण विचारलं की तो काय म्हणणार, ते तिला शब्दन् शब्द माहीत होतं. 'कुणी कुठं जात नाही.' आणि हे वाक्य कोकिळेनं एकदा ऐकलं होतं. ते पुन्हा ऐकायची तिची छाती नव्हती.

चांदनीच्या रेल्वे स्टेशनावर तिचे वडील पॉइंट्समन होते, रुळांचे सांधे बदलणारे. ती सात वर्षांची होती. आई आतल्या खोलीत खाटेवर पडून खोकत असे आणि तिला उंबऱ्याच्या आत जायची बंदी. एका सकाळी वडिलांनी तिच्या हातात एक पुस्तक दिलं—वर लाल खारीचं चित्र, एकटीच खार, सगळं रान ओलांडून जाणारी. घरात पुस्तक नावाची वस्तू तोवर आली नव्हती. 'वाच हं, धीर येतो,' वडील म्हणाले. तिनं विचारलं, 'आई कुठं जाणार आहे का?' 'कुणी कुठं जात नाही, पोरी. चार दिवस मामाकडं राहून ये.' गाडीत बसून ती पुस्तक बघत राहिली, खिडकीबाहेर पाहिलंच नाही, इतकी त्या चित्रांत गुंगली. चार दिवसांचं बऱ्हाणपूर जन्माचं झालं. आई त्याच महिन्यात गेली, आणि ते तिला कळलं तीन महिन्यांनी, मामींच्या बोलण्यातून, कपडे वाळत घालताना. त्या सबंध पुस्तकात खारीची आई नव्हती, हे पुष्कळ वर्षांनी तिच्या लक्षात आलं. तिनं ते मामाकडच्या चुलीत घातलं होतं. त्याबद्दल तिला कधी वाईट वाटलं नाही.

"काय वं कोकिळा, आज तुह्या घरी खाऊ काय हाय?" धुरपदाबाई दारातून थेट स्वैपाकघरात आल्या आणि उघड्या डब्यात डोकावल्या.

आज कोजागिरी. महिनाभर माहेरपणाला आलेल्या गुलाबाईला आज निरोप द्यायचा होता. कोनाड्यात ज्वारीच्या धांड्यांच्या मांडवाखाली मातीची गुलाबाई आणि तिचा नवरा गुलोजी बसले होते. संध्याकाळी आळीतल्या पोरी घरोघर गाणी म्हणत फिरणार, आणि प्रत्येक घरी झाकलेल्या डब्यातला खाऊ हलवून, कान लावून ओळखणार. ओळखल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, हा नियम.

"सांगितलं तर ओळखायचं काय राहिलं, मावशी?"

"मले सांगाले काय झालं? मी काय पोरगी हाय?"

"पुस्तक ठेवणार आहे डब्यात," कोकिळा म्हणाली. हे तिनं आत्ताच ठरवलं होतं, म्हणजे बोलता बोलता ठरलं होतं. मुलींच्या हातात ठेवून, कौतुकानं द्यायला ती धजत नव्हती. डब्यातून निघालं तर ते कुणी दिलं हा प्रश्नच राहत नव्हता.

"पुस्तक!" धुरपदाबाईंनी कपाळावर हात मारला. "पोरी काय पुस्तक खातीन? अवं, जाता जाता गुलाबाईच्या तोंडात काही गोड नको पडाले? मुरमुऱ्याचे लाडू तरी कर दोन. परभाकरले इचारलं का?"

"त्यांनीच सांगितलंय."

"मंग चांगलं हाय," असं म्हणून त्या गेल्या, आणि जाताना त्यांनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, असं कोकिळेला वाटलं. त्यांनाही माहीत असेल. आळीतल्या सगळ्यांना माहीत असेल आणि आपल्यासमोर सगळ्या जणी लाडवांचं बोलत असतील.

दुपारी मुली शाळेत असताना ती शनवाऱ्याच्या बाजारात गेली. भाईदासचं दुकान वह्या, दौती, पाट्या यांचं. पुस्तकं मागच्या फळीवर, दोरीनं बांधलेली. भाईदास गादीवरून न उठता म्हणाला, "या वहिनी. मी म्हटलंच, आज येतीन म्हणून."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"प्रभाकरभाऊ काल येऊन गेले ना. घंटाभर बसले. सगळे पुस्तकं पाहिले एक एक करून, मंग बोलले, मी नाही घेत, बाई निवडतीन. मी म्हटलं, देखो भाऊ, माल तं तोच हाय, तुम्ही घ्या का वहिनी घ्या." त्यानं दोरी सोडली. "फकत एक बोलले, की आगगाडीवालं असंन तं दाखवजो नको. म्हून तीन बाजूला ठेवले. ते चांगले होते, इंजिन लाल रंगाचं."

आगगाडी नको.

लग्नाच्या पहिल्या वर्षी, एका दुपारी, तिनं त्याला चांदनीचं सांगितलं होतं. एकदाच. तो शेंगा सोलत होता. 'हं' म्हणाला, आणि सोललेले दाणे तिच्यापुढे सरकवले. पुढे अकरा वर्षांत त्यावर एक अवाक्षर नाही. तिची समजूत होती की तो विसरला. विसरला नव्हता... हे किती बरं वाटलं तिला, गादीच्या कडेला टेकून उभी असताना, दोन क्षण अगदी डोळ्यांत पाणी येईल असं. आणि तिसऱ्या क्षणी ते पाणी जागच्या जागी थिजलं. आगगाडी का टाळायची? ज्याला कुठं जायचंच नाही त्याला आगगाडीची भीती कशाला? म्हणजे त्यालाही ती जोडी माहीत आहे—पुस्तक आणि गाडी. सगळं जाणूनबुजून, जपून, घंटाभर बसून चाललंय. इतकं जपतात ते कुणाला? ज्याला दुखापत होणार आहे, त्यालाच.

ती पुस्तकं बघू लागली. पहिलं हिंदी होतं. एक मुलगी कंदील घेऊन डोंगर चढते, पहिल्या पानापासून शेवटापर्यंत एकटी, आणि वर पोचल्यावर सूर्य तिच्याकडे बघून हसतो. घरी कुणी नव्हतं का हिला? रात्रीची कशी सोडली डोंगरावर? कोकिळेनं ते मिटलं. दुसऱ्यात चिमणीचं पिल्लू उडायला शिकत होतं; पहिल्या पानावर घरट्यात आई होती, एक पंख वर केलेली, म्हणजे निरोपच तो, आणि पुढच्या अकरा पानांवर तिचा पत्ता नाही. पिल्लू मजेत. कुणी विचारत नाही, आई कुठं गेली. लिहिणाराही नाही. सगळी धीराची पुस्तकं अशीच असतात. आधी आईला चित्रातून काढतात आणि मग पोरीला म्हणतात, बघ, तू किती शूर.

"वहिनी, हे पाहा. नवीन हाय. वर मराठी, खाली हिंदी. आता असंच चालन, दोन्ही ठेवा लागते."

तिसरं पोहण्याचं होतं. एक मुलगी, पाठीला सुका भोपळा बांधलेली, पाण्याला भ्यायलेली. नदी तापीसारखीच होती, काठ उंच, घाटाच्या पायऱ्या झिजलेल्या. आणि घाटावर आई होती, धुणं धूत. कोकिळेनं पान उलटलं. मुलगी गुडघाभर पाण्यात, आई घाटावर. पान उलटलं. मुलगी नाकातोंडात पाणी जाऊन रडतेय. आई घाटावर, हातातलं धुणं तसंच धरून उभी. सातव्या पानावर भोपळा सुटून वाहून गेला तरी आई होती. तिनं बोट ठेवून ठेवून पाहिलं, चोराचा माग काढावा तसं. अकरा पानांवर होती. बाराव्या, शेवटच्या पानावर मुलगी पलीकडच्या काठावर पोचून हात वर करून उभी होती, आणि अलीकडे घाटावर धुणं वाळत पडलं होतं. आई नव्हती.

"इथली आई कुठं गेली?"

भाईदासनं चष्मा वर करून पाहिलं. "कुठं?"

"शेवटच्या पानावर. सगळीकडे आहे, इथं नाही."

"अवं वहिनी," तो हसला, "चित्रवाल्याची जागा संपली असंन. नाही तं घरी गेली असंन, भाकरी टाकाले. पोरगी भुकेली येईन ना पोहून."

दुकानात दुसरं गिऱ्हाईक आलं, शाई मागू लागलं. कोकिळा तशीच उभी राहिली. भाकरी टाकायला. इतकं साधं... दुसऱ्या कुणाही बाईला हे आधी सुचलं असतं. मला का नाही सुचत? मला सगळीकडे जाणारी माणसंच का दिसतात? तिनं पदराची गाठ सोडून पैसे दिले, आणि पुस्तक पदराखाली धरून अशी निघाली, की जणू काही लपवून नेत आहे.

घरी आल्यावर तिनं शेवटचं पान पुन्हा उघडलं. घाट मोकळाच होता. मग विमलच्या दप्तरातली काल तुटलेली पेन्सिल फडताळात होती ती घेऊन, दार लोटून, ती खाली बसली आणि वाळत घातलेल्या धुण्याशेजारी तिनं एक बाई काढली. चित्र कधी काढलेलं नव्हतं. डोक्याला एक वाटोळं, खाली नेसूचा घोळ, हाताच्या दोन काड्या. झाली ती बाई की झुडूप, सांगणं अवघड होतं. आणि ती इकडे तोंड करून आहे की पाठ फिरवून निघाली आहे, तेही कळत नव्हतं. नाक काढलं तर कळेल म्हणून तिनं पेन्सिल टेकवली, आणि उचलली. नवऱ्याच्या मनातलं ओळखायला निघालेली ही बाई एका काडीच्या बाईचं तोंड कुठल्या बाजूला ते ठरवू शकत नव्हती, याचं तिला हसू आलं, आणि लगेच रडूही आलं. मुली यायच्या आधी तिनं तोंड धुतलं, मुरमुऱ्याचे लाडू वळले आणि पुस्तक पितळी डब्यात ठेवून झाकण दाबून बसवलं.

दिवे लागायच्या सुमाराला पोरी आल्या, नऊ-दहा जणी, वेण्यांना रिबिनी बांधून. कोनाड्यापुढे बसून त्यांनी गाणी म्हटली. निम्म्या गात होत्या, निम्म्यांचं लक्ष डब्याकडे होतं. मालू सहा वर्षांची, ती सगळ्यांच्या पुढे टाळ्या वाजवत होती, चुकीच्या जागी. मग डबा फिरू लागला. एकीनं हलवला, तर आतून थप्प असा आवाज आला.

"वडी!"

"वडी नाही वं, जाड हाय. थालीपीठ!"

"गुळाची ढेप हाय पूरी की पूरी!"

सगळ्या हसल्या. धुरपदाबाईही दाराशी येऊन उभ्या होत्या, त्याही तोंडावर पदर धरून हसत होत्या. घरच्या पोरीनं ओळखायचं नसतं, तिला माहीत असतं म्हणून. पण विमल म्हणाली, मला कुठं माहीत आहे, आणि डबा तिच्याकडे आला. तिनं तो हलवला नाही. हळूच एका बाजूला कलवला, कान लावला, मग दुसऱ्या बाजूला कलवला. आत काहीतरी सरकलं आणि टेकलं.

"पुस्तक," विमल म्हणाली.

झाकण निघालं, आणि मालूनं पुस्तकावर झडप घातली, आणि बाकीच्या पोरी 'खाऊ कुठं? खाऊ कुठं?' करत धुरपदाबाईंनी वाटायला घेतलेल्या लाडवांकडे पळाल्या. विमल जागची हलली नाही. तिनं रिकाम्या डब्यावर झाकण बसवलं, नीट दाबलं, आणि आईकडे पाहून, अगदी हलक्या आवाजात, रोजचं काहीतरी विचारावं तसं विचारलं,

"कोण जाणार आहे?"

नऊ वर्षांची पोर. बाहुली, खडू... तिनंही मोजलं होतं. कधी मोजलं? कुणी शिकवलं? आणि कोकिळेला कळलं की कुणी शिकवायची गरज नव्हती. पंधरा दिवस ही पोर आईच्या तोंडाकडे बघत होती, आई बापाच्या तोंडाकडे बघते तशी. आपण जे एकटीनं उराशी धरलंय असं वाटत होतं, ते तिला केव्हाच पोचलं होतं.

दारात प्रभाकर उभा होता. केव्हा आला कळलं नाही. एक वहाण काढलेली, दुसरी पायातच. त्यानं ऐकलं होतं. त्याचा हात कोटाच्या खिशावर गेला आणि तिथंच राहिला. सकाळपासून या क्षणाची तर ती वाट पाहत होती, की त्याचा चेहरा अचानक पकडावा, त्यावर काय उमटतं ते वाचावं.

कुणी कुठं जात नाही, पोरी. वाक्य तिच्या तोंडाशी आलं होतं, वडिलांच्याच आवाजात, तयार. किती सोपं होतं ते. म्हणताना वडिलांना काय झालं असेल... खोटं बोलायचं म्हणून नव्हे, दुसरं काही सुचेना म्हणून म्हणाले असतील. तिनं ते गिळलं.

"मला ठाऊक नाही, विमल," ती म्हणाली. आवाज फाटला, तरी तिनं वाक्य सोडलं नाही. "सकाळपासून मलाही हेच विचारायचं होतं. मला भीती वाटली. ये इकडे, आपण दोघी मिळून विचारू."

विमल येऊन तिला चिकटून बसली. तिचा हात गार होता. प्रभाकरनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं असावं; पण कोकिळेनं त्याच्याकडे पाहिलं नाही, ती विमलच्या भांगाकडे पाहत होती, सकाळी घाईत वाकडा पाडलेल्या. कोनाड्यापाशी मालू पालथी पडून पानं उलटत होती, शेवटापर्यंत आली होती.

"आई गं, ही बघ," मालू बोट ठेवून म्हणाली, "इथं पण आई आहे."

भीती होतीच, सकाळपेक्षा जास्तच. पण सबंध दिवसात पहिल्यांदाच कोकिळा ओळखायचं सोडून नुसती ऐकायला बसली होती. तिनं विमलचा हात दोन्ही हातांत धरला आणि मान वर केली.

"अहो," ती म्हणाली, "ती वहाण काढा, आणि इथं येऊन बसा."